गच्चीवरच्या वायरपासून स्ट्रीमिंगपर्यंत : पडद्यावर सत्ता कोणाची?

१/ २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढची जवळपास दोन दशके काय पाहायचे आणि किती वाजता, हे सरकारी वाहिनीच ठरवीत असे.

२/ या मक्तेदारीला पहिला तडा वायरने दिला. ऐंशीच्या दशकात मुंबईतील सोसायट्यांमध्ये एकाच व्हीसीआरवरून घरोघरी चित्रपट पोहोचू लागले. १९९१ च्या आखाती युद्धाने उपग्रह वाहिन्यांचे आकर्षण वाढविले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी, मुंबई केंद्राच्या विसाव्या वर्धापनदिनीच, झी टीव्ही अवतरला.

३/ केबलचा कायदा आला १९९५ मध्ये. तोवर गच्च्यांवर जाळे विणून झाले होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला.

४/ केबलने वाहिन्या वाढविल्या, वेळापत्रक मात्र वाहिनीच्याच हाती राहिले. स्ट्रीमिंगने तेही मोडले. केबलवर एकच प्रवाह सर्वांच्या घरी जातो. येथे प्रत्येकाच्या मागणीनुसार स्वतंत्र प्रवाह निघतो. २०१५ मध्ये हॉटस्टार आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि हा पर्याय सामान्यांच्या आवाक्यात आला.

५/ कायदा याही वेळी मागाहूनच आला : फेब्रुवारी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम.

६/ अनेक केबलवाले आज ब्रॉडबँड पुरवितात, म्हणजे वायर बहुधा त्याच गच्चीवरून येते. केबलवाल्याशी भांडायला त्याच्या दुकानात जाता येई. आज काय पाहावे हे सुचविणाऱ्या अल्गोरिदमचे दुकान मात्र कोणत्याच गल्लीत नाही.