वसतिगृहाचे छप्पर : उस्मानिया, १९३८ आणि आपला जिल्हा



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्यासाठी संयोजकांनी मला पाचारण केले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या नावे ही व्याख्यानमाला चालते, ते मॅट्रिक झालेल्या मुलाच्या वडिलांना भेटले, की कोणत्या कॉलेजात घालणार हे विचारण्याआधी मुलगा राहणार कोठे, जेवणार कोठे, हे विचारीत. माझ्या आजच्या विषयाचे मूळ त्या प्रश्नात आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून विद्यापीठे भेटतात. त्यांची वसतिगृहे क्वचितच भेटतात. आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात मात्र विद्यापीठाहून वसतिगृहाचे स्थान मोठे आहे, असे माझे मत आहे.

प्रथम आपला जिल्हा त्या काळी कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगूभाषक, पाच मराठी आणि तीन कन्नड मानले जात. आदिलाबादची गणना तेलुगू जिल्ह्यांत होई. परंतु राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हा याच जिल्ह्यात होते आणि तेथील व्यवहाराची भाषा मराठी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे दोन्ही तालुके नांदेडकडे गेले, त्यांतील राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात आला. उलट नांदेडचा मुधोळ-भैंसा-कुबीर हा भाग आदिलाबादला जोडला गेला. सीमा अशा हलल्या. माणसे होती तेथेच राहिली. या सभागृहातील निम्म्या घरांत आजही स्वयंपाकघरात मराठी, बाजारात तेलुगू आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू नांदते, हे आपणांस सांगावयास नको.

या जिल्ह्यात त्या काळी महाविद्यालय नव्हते. इंटरमीजिएटसाठी औरंगाबाद, वरंगळ, गुलबर्गा अशी मोजकी ठिकाणे आणि पदवीसाठी हैदराबाद. आदिलाबादहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, तर नागपूर दोनशेच्या आसपास. म्हणजे जवळचे विद्यापीठ परक्या मुलखात आणि आपले विद्यापीठ दूर. राजधानीत नातेवाईक नसलेल्या मुलाला वसतिगृहात जागा मिळाली तर शिक्षण, न मिळाली तर तलाठ्याच्या हाताखाली उमेदवारी किंवा घरची शेती.

ते आपले विद्यापीठ म्हणजे उस्मानिया. १९१७ मध्ये अकबर हैदरी यांनी निजामापुढे एक निवेदन ठेवले, त्यावर मीर उस्मान अली खान यांचे फर्मान निघाले आणि १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडले गेले. रसायनाला कीमिया, भौतिकाला तबीआत, त्रिकोणाला मुसल्लस अशी परिभाषा बांधली गेली. या प्रयोगाचे मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या प्रजेतील बहुसंख्य लोकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती, तिला ही भारतीय भाषादेखील शिकूनच घ्यावी लागत होती. आपल्याकडील मुले ती शिकली आणि उत्तम शिकली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या मराठवाड्यात जन्मलेल्या अभ्यासकाने उर्दू-फारसीच्या बळावर मराठ्यांच्या इतिहासाची केवढी सेवा केली! हेच पगडी सरकारी नोकरीत आदिलाबादेस होते आणि येथल्या गोंडांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वसतिगृह म्हटले की मराठी वाचकाला दोन नावे आठवतात. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी केली. आणि साताऱ्यास भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसविले. हैदराबादेतही कोतवाल राजाबहादूर वेंकटराम रेड्डी यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये रेड्डी वसतिगृह निघाले आणि तेलंगणाच्या खेड्यांतून आलेल्या कित्येक मुलांना त्याने आसरा दिला. उस्मानियाची वसतिगृहे यांहून वेगळी होती. ती सरकारी होती. खोली सरकारची, अन्न सरकारी व्यवस्थेतले, नियम सरकारचे. शेरवानी हा विद्यापीठाचा पोशाख. खेड्यात धोतर नेसणारा मुलगा ट्रंक आणि वळकटी घेऊन अडिकमेटला उतरे, तो शेरवानीची बटणे लावण्यापासून शिकू लागे. यात जाच होता तसे अप्रूपही होते. विजेचा दिवा, ग्रंथालय, खेळाची मैदाने आणि राज्याच्या तिन्ही भाषांतले सोबती! खेड्यातल्या मुलाला हे सारे प्रथमच भेटत होते.

या वसतिगृहांत हिंदू विद्यार्थ्यांना प्रार्थनेसाठी खोल्या दिलेल्या होत्या. १९३८ चा प्रसंग तेथे घडला. तो एवढ्याशा खोलीत का घडला, हे कळण्यासाठी बाहेरची परिस्थिती पाहावी लागते. राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक लागू होते. परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नसे. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती नीट स्थापन होण्यापूर्वीच, बंदी आली. ऑक्टोबरअखेर सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. चौकात बोलता येत नाही, सभागृह मिळत नाही, अशा राज्यात दररोज संध्याकाळी पन्नास-शंभर तरुण विनापरवाना एकत्र जमू शकतील अशी जागा कोणती उरली? वसतिगृहातील प्रार्थनेची खोली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. त्यास मनाई झाली. महिनाअखेरीस हेच लोण हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचले. अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की हे गीत राजकीय व वादग्रस्त असून ते प्रार्थना होऊ शकत नाही. विद्यार्थ्यांचे म्हणणे, प्रार्थनेत काय म्हणावे ते प्रार्थना करणारा ठरवील. गीताबद्दल वाद होता हे खरेच. काँग्रेस कार्यकारिणीनेही १९३७ मध्ये त्याची पहिली दोन कडवीच सभांतून म्हणावीत असा निर्णय घेतला होता. म्हणून या लढ्याकडे दोन धर्मांतील भांडण म्हणून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, तेव्हाही झाला. मला तो मान्य नाही. मुद्दा छपराचा होता. आम्ही तुम्हांला राहावयास जागा दिली आहे, तेव्हा त्या जागेत तुमच्या तोंडून काय निघावे हेही आम्ही ठरवू, ही ती वृत्ती. धर्म कोणताही असो, राज्य कोणाचेही असो, वसतिगृह चालविणाऱ्यास हा मोह पडतोच.

मग संप झाला. शेकडो विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि पाठोपाठ कॉलेजातून काढून टाकण्यात आले. वरंगळ आणि इतर ठिकाणीही तेच झाले. वसतिगृहातून काढणे म्हणजे काय, हे शहरात घर असलेल्याला उमगणार नाही. हैदराबादेतील मुलगा संध्याकाळी आपल्या घरी गेला. आसिफाबादच्या, निर्मळच्या मुलाचे ताटच गेले. माफी लिहून देणाऱ्यास परत घेण्याची तयारी होती. येथे मी जरा थांबतो. जे बाहेर पडले त्यांची चरित्रे लिहिली गेली, त्यांना पुढे ताम्रपट मिळाले. ते योग्यच झाले. पण ज्यांनी माफी लिहून दिली, त्यांच्याविषयी आपण फार चटकन न्याय करतो. घरी विधवा आई, डोक्यावर सावकाराचे कर्ज आणि गावातला पहिला शिकणारा मुलगा, अशा स्थितीत ज्याने त्या कागदावर सही केली असेल, त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार, ज्यांनी वसतिगृहाच्या बाहेर एकही रात्र काढली नाही अशा आपणांस कोणी दिला? दोन्ही प्रकारची माणसे आपल्याच घरांतली आहेत. एकांविषयी घरात अभिमानाने बोलले जाते, दुसऱ्यांविषयी बोललेच जात नाही.

बाहेर पडलेल्यांना आसरा दिला तो नागपूरने. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू तेव्हा टी. जे. केदार होते. त्यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची व्यवस्था केली, आणि तीही अर्धे वर्ष उलटून गेलेले असताना. मध्यप्रांतात त्या वेळी काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, हेही उपयोगी पडले. ही मुले ज्या रेल्वेने गेली तिचा मार्ग माझ्या मनात नेहमी घोळतो. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला होता. गाडी आपल्याच जिल्ह्यातून जाते : आसिफाबाद रोड, सिरपूर, विरूर, माणिकगड, मग वर्धा नदीचा पूल आणि पलीकडे बल्लारशा. नदी ओलांडली की निजामाचे राज्य संपले. जिल्ह्यातील एखादा मुलगा त्या गाडीत असेल, तर त्याला आपल्या गावाच्या स्टेशनावर उतरण्याचा मोह झाला असेल काय? न उतरता पुढे जाणे हे सोपे काम नव्हे.

नागपूरला सर्वांना वसतिगृहात जागा मिळणे शक्य नव्हते. तेथे उपयोगी आली ती आपली जुनी ‘वार लावण्याची’ चाल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे जेवण गरीब विद्यार्थी महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या करीत आले. या चालीत जातीच्या मर्यादा होत्या, मिंधेपणाही होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण सरकारने ताट काढून घेतले असता समाजाने ते पुढे करावे, एवढी सोय तिने करून ठेवली होती.

नागपूरला गेलेल्या तरुणांत वरंगळकडील एक होते पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. पुढे ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाची घेतली आणि १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत ‘अबला जीवितम्’ या नावाने नेली. उस्मानियाने दार लावले नसते तर एका तेलुगू तरुणाचा मराठीशी इतका घरोबा झाला असता की नाही, कोण जाणे.

ज्या अकबर हैदरींच्या निवेदनातून विद्यापीठ जन्मले, तेच १९३८ मध्ये राज्याचे पंतप्रधान होते. आणि ज्या कला महाविद्यालयाच्या गुलाबी दगडी इमारतीची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, ती इमारत वसतिगृहे रिकामी झाल्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १९३९ मध्ये, खुली झाली.

जिल्ह्यात प्रत्यक्ष वसतिगृह आले ते वेगळ्याच वाटेने. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांचा असंतोष समजून घेण्यासाठी सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना नेमले, आणि १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र सुरू झाले. आरंभी निवडलेले तरुण मराठी लिहू-वाचू शकणारे होते, म्हणून गोंडीची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत निघाली. पुढे हायमेनडॉर्फ उस्मानियातच प्राध्यापक झाले. ज्या विद्यापीठात मराठी मुलाला उर्दूतून शिकावे लागे, त्याच राज्यात मारलवाईच्या गवती छपराखाली गोंड मुलगा आपल्या भाषेत धडे गिरवीत होता, हा विरोधाभास मला विलक्षण वाटतो.

मी स्वतः हैदराबादला वसतिगृहात राहिलो तो काळ १९७० नंतरचा. उर्दू माध्यम केव्हाच संपले होते, शेरवानी फक्त समारंभात दिसे. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. आम्ही सीमेवरची मुले ज्वारीच्या भाकरीसाठी झुरत असू आणि कोणाच्या गावाहून डबा आला की खोलीचे दार आतून लावीत असू. प्रार्थनेच्या खोलीवरून झालेल्या त्या लढ्याची माहिती आमच्यापैकी एकालाही नव्हती.

१९७६ मध्ये वरंगळला काकतीय विद्यापीठ झाले, तेव्हा जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याकडे गेली. आणि २००८ मध्ये बासर येथे राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आले, तेही संपूर्ण निवासी. दहावी झालेली खेड्यांतील मुले-मुली तेथे सहा वर्षे राहून अभियंते होतात. २०१६ च्या फेररचनेत बासर निर्मल जिल्ह्यात गेले. जून २०२२ मध्ये तेथील हजारो विद्यार्थी आठवडाभर ऊन-पावसात धरणे धरून बसले. पूर्णवेळ कुलगुरू हवा, जेवण धड मिळावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षणमंत्र्यांशी बोलणे झाल्यावर ते वर्गांत परतले. बातमी वाचताना मला अडिकमेटची आठवण झाली. मागण्या निराळ्या, काळ निराळा; पण ही मुलेही ज्या छपराखाली झोपत होती, त्याच छपराच्या धन्याशी बोलत होती.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. १९३८-३९ मधील नागपूरचे एखादे प्रवेशपत्र, वसतिगृहाची पावती, घरी पाठविलेले उर्दू वा मोडीतले पत्र, किंवा माफीपत्राची नक्कल कोणाच्या घरच्या ट्रंकेत असेल, तर ती फेकू नये. शाळेच्या कार्यालयात आणून दाखवावी. प्रत करून मूळ कागद परत देण्याची व्यवस्था मुख्याध्यापकांनी मान्य केली आहे. माफीपत्र असेल तर तेही अवश्य आणावे.