लिनक्सवर गेम चालतात का? तीस वर्षं जुन्या प्रश्नाचा हिशोब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेले "म्हणजे" आणि "तर" थोडे गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

वसई, नालासोपारा, विरारमधल्या बऱ्याच घरांत आजचा विषय टेबलाखाली उभा आहे. लॅमिंग्टन रोडवर पार्ट घेऊन असेंबल केलेला, सहाव्या-सातव्या जनरेशनचा आय-फाइव्हवाला डेस्कटॉप. मशीन ठणठणीत आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. थोडक्यात, चालतं-बोलतं मशीन कागदोपत्री म्हातारं झालं. नवीन घ्यायचं तर पुन्हा ईएमआय. म्हणून पोरं विचारतात, लिनक्स टाकलं तर गेम चालतील का?

उत्तर द्यायच्या आधी थोडा इतिहास बघू, कारण "नाही चालत" हे उत्तर बरीच वर्षं खरं होतं आणि ते का खरं होतं हे कळलं की आजचं उत्तर नीट समजतं.

लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सची घोषणा केली. १९९३ मध्ये वाइन नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्याची कल्पना अशी: विंडोजचा प्रोग्रॅम विंडोजकडे सतत काहीतरी मागत असतो. फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज काढ. ही मागणी मधेच झेलून लिनक्सकडून पुरवायची. ऐकायला सोपं आहे. पण १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स आणलं आणि गेम बनवणारे त्यावर स्थिरावले. त्याची आतली रचना उघड नव्हती. वाइनवाले बाहेरून अंदाज घेत एकेक तुकडा पुन्हा लिहीत बसले. वाइनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे पंधरा वर्षं.

त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? नव्वदीच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. पुढे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही आणले. अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये उबंटू आलं. पण आमच्या पिढीच्या डोक्यात एक वाटणी पक्की बसली: लिनक्स म्हणजे प्रॅक्टिकल आणि व्हायवा, विंडोज म्हणजे गेम. लिनक्स फुकट आहे याचं बाहेरच्या देशांत अप्रूप होतं. इथे असेंबल करणाराच विंडोज टाकून द्यायचा, लायसन्सचं कोण विचारतो! त्यामुळे फुकट या गुणाची इथे किंमतच नव्हती.

लिनक्सवर गेम विकायचा पहिला मोठा प्रयत्न लोकी सॉफ्टवेअरने केला. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी विंडोजचे गाजलेले गेम घेऊन लिनक्ससाठी नव्याने बांधून विकायची. २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडली. अडचण सरळ होती. गेम लिनक्सवर येईपर्यंत ज्याला हवा होता त्याने तो विंडोजवर घेऊन संपवलेला असायचा. लोकीत काम केलेल्या सॅम लँटिंगाची एसडीएल ही लायब्ररी मात्र टिकली आणि आजही असंख्य गेममध्ये वापरली जाते.

दुसरा प्रयत्न व्हॉल्व्हचा, म्हणजे स्टीम दुकानाच्या मालकांचा. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचं अ‍ॅप स्टोअर आणलं. व्हॉल्व्हच्या गेब न्यूएलने विंडोज ८ वर जाहीर टीका केली. कारण उघड आहे: ज्याच्या जागेत तुमचं दुकान, त्यानेच शेजारी दुकान थाटलं तर झोप उडणारच. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ मध्ये स्टीम मशीन नावाचे लिनक्सवाले गेमिंग पीसी बाजारात आले आणि आपटले. गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून गेम नाहीत.

हे चक्र गेम कंपन्यांच्या बाजूनेही बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला "राजी" २०२० मध्ये आला. अशा छोट्या टीमने स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि विंडोज सांभाळायचं, वर मूठभर लोकांसाठी लिनक्सची आवृत्तीही तपासत बसायचं? पैशांचं गणित जुळत नाही.

मग चक्र तुटलं कसं? चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३९ मध्ये आपला वसईचा किल्ला घेतला तेव्हा तटाखाली सुरुंग लावले होते. इथेही तसंच झालं. गेम कंपन्यांची मनधरणी सोडून खालून रस्ता काढला गेला. २०१६ मध्ये वल्कन हे खुलं ग्राफिक्स तंत्र आलं. मग फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरने डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. डायरेक्टएक्सची आज्ञा आली की तिचं थेट वल्कनमध्ये भाषांतर करायचं. व्हॉल्व्हने त्याला पाठबळ दिलं, वाइनशी जोडलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. आता गेम कंपनीने काहीच करायचं नव्हतं. विंडोजचा गेम डाउनलोड करा, प्लेचं बटण दाबा. २०२२ मध्ये याच पायावर स्टीम डेक आलं आणि कंपन्या स्वतःहून आपले गेम प्रोटॉनवर तपासू लागल्या. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीम सर्वेक्षणात लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेला. आकडा छोटाच आहे, पण आता तो दुर्लक्ष करण्याइतका छोटा राहिलेला नाही.

तर मग झालं का? नाही. दोन भिंती अजून उभ्या आहेत.

पहिली अँटी-चीटची. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यात आतल्या खोलीत बसतं. लिनक्सवर त्याला ती खोलीच मिळत नाही. २०२१ मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआयने प्रोटॉनसाठी दार उघडलं, पण कडी काढायची की नाही हे गेम कंपनी ठरवते. फोर्टनाइटने काढली नाही. एपेक्स लेजंड्सने काढली होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये परत लावली. त्याआधी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनही बंद झालं, स्टोरी मोड तेवढा चालतो. इथे तंत्राची अडचण कमी, भरवशाची जास्त. मशीन मालकाच्या हातात पूर्ण असावं ही लिनक्सची धारणा, आणि नेमक्या त्याच मालकावर गेम कंपनीचा विश्वास नाही. हा तिढा एखाद्या अपडेटने सुटेल असं मला वाटत नाही.

दुसरी भिंत जुन्या ग्राफिक्स कार्डची, आणि ती आपल्याला जास्त लागते. आपल्याकडे जीटी ७१० आणि ७३० ढिगाने विकली गेली. त्यातल्या केपलर पिढीच्या कार्डांचा एनव्हिडियाचा ड्रायव्हर ४७० वर थांबला, तिथे वल्कन १.२ पर्यंतच मिळतं. डीएक्सव्हीके २.० ला १.३ लागतं. म्हणजे जुन्या मशीनला जीवदान द्यायला निघालेलं लिनक्स सगळ्यात जुन्या कार्डापाशी अडतं. प्रोटॉनची जुनी आवृत्ती निवडून काही गेम चालतात, पण तो जुगाड झाला.

तेव्हा माझं मत असं. एकट्याने खेळायचे गेम असतील आणि कार्ड जीटीएक्स १०५० टीआय किंवा त्यानंतरचं असेल, तर लिनक्स तयार आहे. संध्याकाळी पाच जण मिळून व्हॅलोरंट खेळत असाल तर नाही, आणि त्यात तुमच्या मशीनचा दोष नाही. आधी आपल्या रोजच्या दहा गेमची यादी करा, एकेक नाव प्रोटॉनडीबीवर तपासा आणि मग वेगळ्या एसएसडीवर लिनक्स टाकून महिनाभर वापरा. जुनी डिस्क पुसू नका. टेबलाखालचं मशीन भंगारात द्यायचा निर्णय त्यानंतर घ्या, तोही तुमचा तुम्ही.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.