मोडलेला जबडा आणि ९ धावांची आघाडी : शिवाजी पार्कचे रमाकांत देसाई

१/ परदेशभूमीवरील भारताचा पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९६८ मधला, न्यूझीलंडमधील ड्युनेडिनचा. प्रसन्ना यांचे ६ बळी आणि वाडेकर यांची दोन अर्धशतके स्मरणात राहिली. दादरच्या एका वेगवान गोलंदाजाच्या ३२ धावा मात्र विस्मरणात गेल्या.

२/ रमाकांत देसाई. जन्म २० जून १९३९, मुंबई. घडण शिवाजी पार्क जिमखान्याची. उंची साडेपाच फुटांहूनही कमी, म्हणून टोपणनाव ‘टायनी’.

३/ १९५८-५९ च्या पहिल्याच रणजी हंगामात त्यांनी ५० बळी घेतले. मुंबईच्या सलग १५ रणजी विजेतेपदांची मालिका त्याच हंगामात सुरू झाली.

४/ त्याच मोसमात, वयाच्या १९ व्या वर्षी, दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण. प्रतिस्पर्ध्यांनी ६४४ धावांचा डोंगर रचला. देसाईंनी ४९ षटके टाकून ४ गडी बाद केले.

५/ त्या काळी भारतातील खेळपट्ट्या संथ होत्या. नवा चेंडू जुना होताच सामना फिरकीच्या हाती जाई. दुसऱ्या टोकाला तोलामोलाचा वेगवान जोडीदारही क्वचितच मिळे. तरीही १९५९ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी एका डावात ५ बळी मिळवले.

६/ बॅटही गरजेला धावून येई. १९६० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाकिस्तानविरुद्ध दहाव्या क्रमांकावर ८५ धावा. नाना जोशींसह नवव्या गड्यासाठी १४९ धावांची भागीदारी.

७/ आता ड्युनेडिन. ऑस्ट्रेलियात ०-४ असा पराभव पत्करून पतौडींचा संघ तेथे पोहोचला होता. न्यूझीलंडचा पहिला डाव ३५० धावांचा. भारताचे ९ गडी बाद झाले, तेव्हा धावा ३०२.

८/ डिक मॉट्झ यांचा चेंडू लागून देसाईंचा जबडा मोडला. फलंदाजाला तेव्हा हेल्मेटचे संरक्षण नव्हते. ते मैदान सोडून गेले नाहीत. बिशनसिंग बेदींसह अखेरच्या गड्यासाठी ५७ धावा जोडल्या. स्वतः ३२ वर नाबाद राहिले.

९/ भारत ३५९. पिछाडीच्या जागी ९ धावांची आघाडी मिळाली. ती जोडी लगेच फुटली असती, तर चौथ्या डावातील २०० धावांचे लक्ष्य अडीचशेच्या घरात गेले असते. भारत ५ गडी राखून जिंकला आणि पुढे मालिकाही ३-१ अशी जिंकली.

१०/ देसाईंची ती अखेरची कसोटी ठरली. एकूण २८ कसोट्या, ७४ बळी. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. २७ एप्रिल १९९८ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. धावफलकावर ड्युनेडिनची नोंद एवढीच आहे : देसाई, नाबाद ३२. मोडलेल्या जबड्यासाठी त्यात रकाना नाही.