पहिलटकरणीची तिळी

आषाढ आहे, साल 1971. माळशेज घाटाच्या पायथ्याशी, टोकावड्याच्याही आत, एका पाड्यावर तू आहेस. बाहेर भाताची लावणी चाललीय. घरात, चुलीमागच्या अंधाऱ्या खोलीत, तू बाजेवर आडवी आहेस. तू पहिलटकरीण. वय एकोणीस की वीस, हे तुझ्या सासूलाही नेमकं सांगता यायचं नाही. गेले दोन महिने तुझं पोट बघून विहिरीवर बाया एकमेकींना खुणावतायत. जुळं असणार, असं सुईण म्हणालीय. आठवा अजून भरलेला नाही आणि काल दिवेलागणीपासून कळा सुरू झाल्यात.

मुरबाडच्या दवाखान्यात न्यावं, हे सगळ्यांच्याच मनात आहे. तुझा नवरा पहाटेपासून दोनदा ओढ्यापर्यंत जाऊन आलाय. ओढा उतरत नाही. बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची आणि आळीपाळीने खांद्यावर घ्यायची, एवढाच मार्ग उरतो, पण त्या पाण्यात झोळी घेऊन उतरायला कुणी धजत नाही. (ही झोळी अजून गेलेली नाही, हे इथेच सांगायला हवं. शहापूर-मुरबाडच्या ज्या पाड्यांना रस्ता नाही, तिथून आजही पावसाळ्यात अडलेली बाई अशीच सडकेपर्यंत आणली जाते.)

दुपारी मुलगी होते. घटकाभराने मुलगा. सुईण हात धुवायला उठते, जाता जाता तुझ्या पोटावर पुन्हा हात ठेवते आणि तशीच खाली बसते. “दम धर बाय. आणिक एक हाय.” तिने आयुष्यात पाड्यापाड्यांवर बाळंतपणं केलीत, पण तिळं तिच्या हातून कधी झालेलं नाही. ते स्वाभाविकच आहे. डायोनिस हेलिन नावाच्या डॉक्टरने 1895 मध्ये ढोबळ हिशेब मांडला होता: जुळं साधारण ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एक, आणि तिळं त्याच आकड्याच्या वर्गाइतक्या बाळंतपणांत एक. म्हणजे सहा ते आठ हजारांत एक. एवढी बाळंतपणं पाहायला एका सुइणीचा जन्म पुरायचा नाही.

तिसरी मुलगी. ती रडते, पण तो आवाज खोलीबाहेर जात नाही.

आता जे घडतं ते तुला बघत राहावं लागणार आहे. तू इथे आलीस ती पुढच्या काळातून, सगळं शिकून, पण तोंड मात्र त्या पोरीचं आहे, आणि पहिलटकरणीचं कोण ऐकतं? सुईण तिघांनाही ऊन पाण्याने आंघोळ घालते. मायेने घालते, चोळून, स्वच्छ. एवढ्याशा अंगावर चरबीच नाही, ते पाणी वाळता वाळता अंगातली ऊब घेऊन जातं, हे तुला ठाऊक आहे. तुझा पहिला पिवळट चीक पिळून टाकला जातो, कारण तो बाळाला बाधतो असं आईने, आजीने, सगळ्यांनी सांगितलंय. त्याऐवजी गुळाचं पाणी, कापसाच्या बोळ्याने. ज्या थेंबांत त्यांची सगळी राखण होती ते थेंब मातीत जातात. इथे कुणी दुष्ट नाही. कुणी आळशीही नाही. जे माहीत आहे ते सगळं त्या बाया जीव ओतून करतायत.

आणि त्या खूप काही करतायत. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आहे, ओवा-शेपांची धुरी आहे. थोरलं तुझ्या अंगावर पितं. मुलाला शेजारच्या घरातली, चार महिन्यांचं पोर असलेली बाई येऊन पाजते. बोलावलं नव्हतं, तीच आली. धाकटीला ओढता येत नाही, तिला सासू बोंडल्याने दूध देते, थेंब गिळला की पुढचा, रात्रभर. नणंद लंगोट धुते. आजेसासरे दारात बसून झोळीची दोरी ओढतात. त्यांना आता तेवढंच काम जमतं आणि ते काम त्यांच्याशिवाय कुणी करत नाही. सव्वा महिना तुला पाण्यात हात घालायचा नाही. नाचणीची पेज, सुकट, हळीव गुळात शिजवून, जे घरात असेल ते आधी तुझ्या ताटात येतं. लावणीच्या दिवसांत, जेव्हा शेतातून एक माणूस उठणं म्हणजे भाताचा एक तुकडा राहणं, तेव्हा तीन माणसं घरात थांबलीत.

धाकटी तिसऱ्या रात्री जाते. पाचवीला पाटा-वरवंटा मांडतात, सटवाईपुढे दिवा लावतात. कपाळावर नशीब लिहायला ती येते, असं म्हणतात. त्या रात्री लिहायला दोनच कपाळं आहेत.

1971 मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजारांतली 129 मुलं वर्षाच्या आत जात होती. हा सरसकट आकडा. अपुऱ्या दिवसांच्या, ओंजळीत मावणाऱ्या मुलांचा वेगळा मोजला असता तर तो कितीतरी मोठा निघाला असता. तुझी धाकटी या हिशेबात धरली गेली असेल का? तिला नाव नव्हतं, वजन कुणी केलेलं नव्हतं, आणि तिची नोंद लिहायला घरात कुणाला अक्षर येत नव्हतं. त्या साली वीस वर्षांची असलेली मुरबाडची बाई 2016 मध्ये पासष्टीची होती. त्याच वर्षी 8 मार्चला तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या प्रयत्नाने आजीबाईंची शाळा सुरू झाली, आणि गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी घेऊन बसल्या. त्या फोटोंचं सगळीकडे कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्या पाट्यांवर जी नावं लिहिली गेली नाहीत, त्यांची आठवण मला ते फोटो बघताना येते.

तिथून निघ. साल 2024, कार्तिक. डोंगररांग तीच; तू शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला आहेस. या खेपेला तिसरं कुणाला अचानक सापडत नाही. चौथ्या महिन्यातच सोनोग्राफीवाल्या डॉक्टरने पडदा तुझ्याकडे वळवून तीन ठोके दाखवले होते. तेव्हा तुझा नवरा हसला आणि मग एकदम गप्प झाला. बत्तिसाव्या आठवड्यात पोट दुखायला लागतं, 108 ची गाडी येते, शहापूरहून ठाण्याला. वाटेतच तुला इंजेक्शन मिळालंय, बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. ही युक्ती न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी 1972 मध्ये जगापुढे मांडली. टोकावड्याच्या त्या आषाढानंतर अवघ्या वर्षभराने.

सिझेरियन. 1,620, 1,480 आणि 1,250 ग्रॅम. दोन मुली, एक मुलगा. या वेळी धाकटा मुलगा. काचेमागे नळ्यांत गुंतलेला तो तुला पहिल्यांदा दिसतो तेव्हा तू हात मागे घेतेस. नर्स तुझा हात धरून आत नेते. तुझा चीक चमच्यात काढून नळीने त्याला दिला जातो, थेंबही वाया जात नाही. चौथ्या दिवशी ती म्हणते, “ताई, झबलं काढा त्याचं. छातीशी घ्या.” टोपी, लंगोट, बाकी उघडा, तुझ्या कातडीला त्याची कातडी, वरून ओढणी बांधलेली. कोलंबियात, बोगोटाच्या एका रुग्णालयात, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या पुरेनात म्हणून 1978 च्या सुमारास डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं. तिथून ही कांगारू पद्धत जगभर गेली. तुझ्या छातीवर एका वेळी एकच नीट मावतो, फार तर दोघं. म्हणून तिसरं बापाच्या छातीवर. तो लाजतो, इकडेतिकडे बघतो, मग सदऱ्याची बटणं काढतो. तासाभराने नर्सने सांगूनही तो उठत नाही.

तिघंही घरी येतात. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबतो. 1,250 ग्रॅमचं मूल डोळखांबच्या बाजूच्या घरात, पाळण्यात.

आणि आता, बये, तुझी खरी कसोटी आहे, कारण घरात माणसं नाहीत. सासू आहे, तिचे गुडघे गेलेत. दीर भिवंडीच्या गोदामात, जाऊ कल्याणला. नणंदेचं लग्न झालं. नवरा पहाटे आसनगावला लोकल पकडतो, रात्री येतो. शेजारणीलाही दार लावून कामावर जायचं असतं. हिशेब कर. प्रत्येकाला दर तीन तासांनी, म्हणजे आठ वेळा. तिघांच्या मिळून चोवीस पाजण्या. वाटी-चमच्याने तीस-पस्तीस मिलिलिटर पाजायला अर्धा तास लागतो, कारण घाई केली की ठसका. दिवसाचे बारा तास नुसते पाजण्यात गेले, त्यात दूध काढणं नाही, ढेकर नाही, वाटी उकळणं नाही. पहिली पाजून होते तोवर तिसऱ्याची वेळ. रात्री तीनला तुला खरंच आठवत नाही, मधलीला पाजलं की थोरलीलाच दोनदा. म्हणून मनगटांना दोरे: काळा, लाल, पांढरा. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर त्याच रंगांच्या रेघा.

लोक म्हणतात, देवाने एकदम झोळी भरली. तू मान हलवतेस. मोरीशी एकटी असताना तुला रडू येतं आणि का येतं ते कळत नाही, तिघांतल्या एकाकडेही बघावंसं वाटत नाही, आणि त्याची तुला लाज वाटते. लाज वाटून घेऊ नकोस. झोप न मिळालेल्या बाळंतिणीचं हे दुखणं आहे, ते आशाताईला सांग, ताप सांगतेस तसं.

आशाताई येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, अशा ठरलेल्या फेऱ्या, बेचाळीस दिवसांपर्यंत; तुझ्याकडे त्याहून जास्त, कारण बाळं कमी वजनाची. कापडी झोळीचा काटा खांबाला टांगते. “वहिनी, मिनिटभर कुणी बोलू नका,” म्हणते आणि धाकट्याच्या पोटाकडे बघत श्वास मोजते. साठाच्या वर गेले तर गाडी बोलवायची. हे मोजणं, ऊब राखणं, आंघोळीची घाई न करणं गावातल्याच बाईला शिकवता येतं, हे अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत करून दाखवलं, 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, आणि त्यातूनच घरोघरी येणारी ही फेरी देशभर पोचली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दवाखान्यांइतकंच मोल मी या काट्याला देते.

महिना भरायच्या आत डोळे तपासायचेत. दोन किलोच्या आतल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. वेळेत दिसल्या तर लेसरने थांबतात, नाहीतर नजर जाते. बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून ही तपासणी चुकवायची नाही. पण ठाण्याला तिघांना न्यायला तीन माणसं हवीत. नवरा एक खाडा करतो. तू. तिसरं कोण? आशाताईच निघते, स्वतःची रोजची कामं बाजूला ठेवून. रिक्षाने आसनगाव, तिथून लोकल, सव्वा तास. डब्यातल्या बाया सरकून जागा देतात आणि लगेच हात पुढे करतात, “दे गं माझ्याकडे.” तू नको म्हणतेस. तुझा जीव तुटतो, कारण हात हवे आहेत, पण न धुतलेले हात या महिन्यात नकोत. तिघांचेही डोळे ठीक निघतात. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. पुन्हा तीन माणसं.

वैशाख, 2025. सहा महिने झालेत, पण दोन महिने आधी आलेली म्हणून अंगणवाडीताई वाढ बघताना चारच धरते. लस मात्र जन्मतारखेनेच. थोरली मान सावरून बघते, मधली पालथी पडते, धाकटा अजून मुठीच चोखतोय, आणि ताई म्हणते, येईल तोही. रोजचे तीसेक लंगोट, दुपटी वेगळी. विहिरीचा तळ दिसतोय.

इथे मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. याच तालुक्यातून 1892 पासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय. आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे, आणि भातसाही इथलाच. त्या शहरात कुठल्याशा फ्लॅटमध्ये जुळ्यांची आई बटण दाबून लंगोट धुते, तिचं भलं होवो. पण जिच्या शिवारातून ते पाणी निघतं ती तीन तान्ह्यांची आई हंडा घेऊन टँकरची वाट बघते, तिला पाणी हातपाय धुवायला पुरवायचं की वाटी उकळायला, हे ठरवावं लागतं, आणि न उकळलेल्या वाटीतूनच हगवण येते. दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षात ज्यांना ग्रॅम ग्रॅम करून वाढवलं त्यांना वैशाखात हंडाभर पाण्यासाठी गमवायचं, हे मला कुठल्याही हिशेबात बसवता येत नाही.

नवऱ्याने दुसरी पाळी मागून घेतलीय. आता सकाळच्या तिन्ही पाजण्या त्याच्या. तांदळाची पेज सुरू करायची का, हे तू ताईला विचारतेस. ती धाकट्याची मान पुन्हा धरून बघते, त्याला अजून थोडं थांबा म्हणते, मुलींना चालेल. मग तिन्ही कार्डांवर पुढच्या वजनाची तारीख लिहिते. तू तारीख वाचतेस आणि म्हणतेस, त्या दिवशी टँकरची पाळी आहे, दुसरा दिवस द्या.