सव्वाचार गुंठ्यांची सेवा : बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांचा इतिहास



पवित्र मिस्साबलिदानात अर्पणाच्या वेळी धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस उचलून धरतात, तेव्हा प्रार्थनेत भूमीच्या फळाबरोबर माणसाच्या श्रमाचाही उल्लेख होतो. भाकरीमागचे श्रम आपल्याला ठाऊक आहेत, कारण गहू आपल्या शिवारात पिकतो. द्राक्षारसामागच्या श्रमांचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. हा द्राक्षारस द्राक्षाच्याच फळापासून नैसर्गिकरीत्या तयार झालेला आणि न नासलेला असावा, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 924 वे कलम सांगते. त्यामुळे युरोपात जिथे जिथे वेल तग धरू शकत होती, तिथे मठांच्या आवारात द्राक्षमळाही उभा राहिला. आज आपण फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातील अशा मळ्यांचा इतिहास पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. दारूने आपल्या वस्तीतली कितीतरी घरे बसली आहेत, हे आपण सर्व जाणतो. त्यामुळे द्राक्षारसावर लिहिताना पिण्याचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. संत बेनेडिक्ट यांनीही आपल्या नियमावलीच्या चाळिसाव्या अध्यायात याबाबत हात राखूनच लिहिले आहे. मठवासीयाने द्राक्षारस घेऊच नये हे खरे, पण या काळातल्या लोकांना ते पटवता येत नाही, तेव्हा निदान मोजून घ्यावा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय. आमचा विषय आहे तो मातीचा, श्रमाचा आणि त्या श्रमाचे फळ शेवटी कुणाकडे जाते याचा.

21 मार्च 1098 रोजी, संत बेनेडिक्ट यांच्या सणाच्या दिवशी, मोलेम मठाचे मठाधिपती रॉबर्ट काही सोबत्यांसह सितो नावाच्या दलदलीच्या रानात येऊन राहिले. मठांमध्ये वैभव आले होते आणि हाताने काम करण्याची सवय मोडली होती. ती परत आणावी म्हणून त्यांनी ही नवी सुरुवात केली. यातूनच सिस्टर्शियन संघ जन्मला. पुढे तरुण बर्नार्ड, म्हणजेच संत बर्नार्ड, याच मठात दाखल झाले.

सितोची जमीन ओली होती, तिथे वेल चांगली येत नव्हती. जवळच्या टेकड्यांच्या उतारावर मात्र चुनखडीची माती होती. बाराव्या शतकाच्या सुरुवातीपासून भाविकांनी तिथले छोटे छोटे तुकडे मठाला दान दिले. ते जोडत जोडत वूजो गावाजवळ सुमारे सव्वाशे एकरांचा एक मळा तयार झाला आणि मठवासीयांनी त्याभोवती दगडी भिंत बांधली. हाच 'क्लो द वूजो'. 'क्लो' म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेली जागा. ही भिंत आजही उभी आहे.

या मळ्यात प्रत्यक्ष राबत ते बहुतांशी संघाचे श्रमिक बंधू. त्यांना लिहिता-वाचता येत नसे आणि प्रार्थनागृहात त्यांची जागाही वेगळी असे. छाटणी, खुरपणी, तोडणी, रस काढणे, पिंपे भरणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या झाली. उताराच्या वरच्या भागातला रस वेगळा आणि खाली, जिथे पाणी साचते, तिथला वेगळा, ही जाण अशाच कामातून आली. त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कुणालाही सांगता येणार नाहीत.

बर्गंडीच्या ड्यूकनेही या परंपरेत हात घातला. 1395 मध्ये फिलिप द बोल्ड यांनी हुकूम काढून भरपूर उत्पन्न देणारी 'गामे' ही जात आपल्या मळ्यांतून उपटायला लावली. त्यांचा कल 'पिनो न्वार' या जातीकडे होता. ती कमी पिकते, थंडीने लवकर दुखावते, पण मातीतला फरक ती रसातून दाखवते. भरघोस उत्पन्नाला नकार देणारा हा हुकूम गरीब शेतकऱ्याला सोपा वाटला नसणार.

पुढच्या शतकात याच प्रदेशात द्राक्षमळ्याचा सेवेशी फार सुंदर संबंध जुळला. शंभर वर्षांच्या युद्धाने लोक कंगाल झाले होते. अशा वेळी 1443 मध्ये ड्यूकचे चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालँ यांनी बोन शहरात गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. 1 जानेवारी 1452 रोजी तिथे पहिला रुग्ण दाखल झाला. पुढे भाविकांनी रुग्णालयाला मळे दान दिले. त्या मळ्यांच्या द्राक्षारसाचा लिलाव 1859 पासून सहसा नोव्हेंबरात होत आला आहे आणि त्याचे उत्पन्न रुग्णसेवेकडे जाते. जुन्या इमारतीतली रुग्णसेवा 1971 मध्ये नव्या रुग्णालयात हलवली गेली.

आता इतिहासाची दुसरी बाजू. गरिबीचे व्रत घेऊन निघालेला सिस्टर्शियन संघ काही शतकांत मोठा जमीनदार झाला. हे आपण लपवू नये. फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा, 2 नोव्हेंबर 1789 रोजी, राष्ट्रीय सभेने ख्रिस्तसभेची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेण्याचा ठराव केला. 1791 मध्ये क्लो द वूजो विकला गेला. सितोचा मठही गेला. मठवासी तिथे परतले ते 1898 मध्ये, मठाच्या स्थापनेनंतर बरोबर 800 वर्षांनी. आज ते चीज बनवून आपला चरितार्थ चालवतात. तो मोठा मळा त्यांच्याकडे परत आला नाही.

क्रांतीनंतर नेपोलियनच्या 1804 च्या कायद्याने सर्व मुलांना वारसाहक्कात समान वाटा दिला. आपल्याकडे भाऊबंदकीत शेताचे तुकडे पडतात तसेच तिथेही पडत गेले. क्लो द वूजो 1889 पर्यंत एका हाती राहिला, नंतर त्याचीही वाटणी सुरू झाली. आज त्याच भिंतीच्या आत सुमारे 80 मालक आहेत, म्हणजे सरासरी दीड एकरच वाट्याला येतो. बर्गंडीत जमीन मोजण्याचे एक जुने माप आहे, 'उव्रे'. एक माणूस कुदळीने एका दिवसात जेवढा मळा खणू शकतो, तेवढे हे माप. हिशोब केला तर ते आपले सुमारे सव्वाचार गुंठे भरतात. जमीन माणसाच्या एका दिवसाच्या घामाने मोजायची, ही कल्पना आम्हाला फार भावली.

या छोट्या शेतकऱ्यांवर पुढे दोन मोठी संकटे आली. पहिले संकट किडीचे. अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा ही बारीक कीड वेलीची मुळे खाते. 1868 मध्ये माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ओळखले, आणि त्याच्या पुढच्या दशकात ती बर्गंडीत पोचली. औषधे टोचून झाली, पण शेवटी उपाय सापडला तो अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपची वेल कलम करण्याचा, कारण त्या खुंटाची मुळे या किडीला दाद देत नाहीत. परक्या मुळावर आपली वेल चढवली तर तिचा गुण जाईल, अशी अनेकांना धास्ती होती. गुण गेला नाही. अथणी, विजयपूर, तासगावकडचे आपले बागायतदार आज डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, तो खुंटही मूळचा अमेरिकेचाच. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात रानटी जैतुनाची फांदी बागेतल्या झाडाला कलम झाल्याचे बोलतात. इथे खुंट परका आणि फांदी घरची आहे, पण धडा तोच. जो बाहेरचा म्हणून आपण दूर ठेवतो, त्याच्याच आधाराने कधी कधी आपण जगतो.

दुसरे संकट माणसांनी आणले. छोटा शेतकरी आपला रस पिंपाने व्यापाऱ्याला विकत असे. काही व्यापारी त्यात दक्षिणेकडचा आणि अल्जीरियाचा स्वस्त माल मिसळत आणि बाटलीवर प्रसिद्ध गावाचे नाव लावत. व्होल्ने गावच्या मार्की दांजेरवील यांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्यांचा माल उचलणे थांबवले. मग त्यांनी आपल्या मळ्याचा रस आपल्याच घरी बाटलीत भरला. न्वी-साँ-जॉर्जचे आंरी गूज आणि जेव्रे-शांबर्तांचे आर्मां रूसो यांनीही तीच वाट धरली. 1935 मध्ये फ्रान्सने कायदा करून गावाच्या नावाला संरक्षण दिले. जगाला बर्गंडीच्या छोट्या शेतकऱ्याची ओळख झाली ती अशा खरेपणामुळे. 4 जुलै 2015 रोजी युनेस्कोने इथल्या 1247 नावाजलेल्या तुकड्यांना जागतिक वारशात स्थान दिले. आज मात्र या जमिनीचे भाव इतके चढले आहेत की वारसांना ती राखणे जड जाते आणि धनवंतांना ती विकत घेणे सोपे होते. म्हणजे प्रश्न संपलेला नाही.

या सगळ्यात एक रीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. द्राक्षमळेकऱ्यांचे आश्रयदाते संत व्हिन्सेंट, साराकोसाचे डीकन आणि रक्तसाक्षी. त्यांचा सण 22 जानेवारीला असतो. बर्गंडीच्या गावागावांत त्यांच्या नावाने परस्पर साहाय्य मंडळे आहेत. एखादा सभासद आजारी पडला किंवा जखमी झाला, तर बाकीचे त्याच्या मळ्यात जाऊन त्याचे काम उरकतात, कारण छाटणी आजारपणासाठी थांबत नाही. सणाच्या दिवशी संतांची मूर्ती मिरवणुकीने निघते. आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे नवे वाटणार नाही. यालाच आपण सावड म्हणत होतो, कुठे इर्जिक म्हणत होतो.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला वेल म्हणतात, आपल्याला फांद्या आणि पित्याला माळी. फांदीने एकटीने फळ द्यावे अशी प्रभूची अपेक्षा नाही, तिने वेलीत राहावे एवढीच आहे. मठवासीयांची मालकी गेली, त्यांची नावे गेली, पण त्यांनी जोपासलेली माती फळ देतच राहिली. आपल्या वाट्यालाही असाच एखादा तुकडा आला आहे. कुणाला रविवारच्या धर्मशिक्षणाचा वर्ग, कुणाला गायनमंडळ, कुणाला घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा. तो मोठा नाही म्हणून खंत करू नये. आणि शेजारच्या तुकड्यावरचा माणूस आजारी असेल, तर या आठवड्यात आपली कुदळ घेऊन तिकडे जावे.

हे प्रभो, आमच्या वाट्याची भूमी आम्हाला प्रामाणिकपणे राखू दे, आणि शेजाऱ्याची छाटणी राहिली असेल तर ती पाहण्याची दृष्टी दे. आमेन.