इंजिनाच्या पोटाला मानवेल तेच

मागच्या उन्हाळ्यात भाचा जुनी बुलेट घेऊन माझ्याकडे आला. शहाद्याबाहेर एका रिकाम्या वावरात पोरांनी चुन्याने गोल आखला होता, त्यावर दहा फेऱ्यांची शर्यत. खिशात ऑक्टेन बूस्टरची बाटली, आणि तोंडात एकच प्रश्न : "मामा, पुनाथून शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल आनू का?"

मी विचारलं, "तुनी गाडीनं कॉम्प्रेशन कितलं शे?"

त्याला ठाऊक नव्हतं. साडेतीनशेच्या त्या जुन्या लोखंडी बुलेटचं कॉम्प्रेशन साडेसहास एक. म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेली हवा पिस्टन साडेसहापट दाबतो, आजच्या गाड्यांत दहापट किंवा त्याहून जास्त. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सोसण्याची शक्ती. दाबलं, तापलं तरी ठिणगीची ज्योत पोचायच्या आत पेट्रोलने आपोआप पेट घेऊ नये, एवढंच ते मोजतं. जिथे दाबच नाही तिथे सोसण्याला काय किंमत?

हे शहाणपण माझं नाही, वडिलांचं. आबा मिस्त्री होते. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला 1 जुलै 1998 ला. आबांची सगळी हयात धुळे जिल्ह्यात, त्याआधीच्या पश्चिम खानदेशात गेली. शिकाऊ म्हणून ते गॅरेजात शिरले तेव्हा महायुद्ध चालू होतं आणि पेट्रोल रेशनवर. प्रवासी मोटारींच्या पाठीला लोखंडी भट्टी बसवायची, त्यात लाकडी कोळसा जाळायचा, निघेल तो गॅस इंजिनाला पाजायचा. ताकद तिसऱ्या हिश्श्याने तरी घटायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. तो गॅस चांगला दाब सोसतो, पण इंजिनं कमी दाबाची, त्यामुळे त्याचा हा गुण वाया जायचा. भाच्याच्या बाटलीचं तेच होणार होतं, फक्त आबांनी त्यासाठी पैसे मोजले नव्हते.

ऑक्टेनचा आकडा तसा फार जुना नाही. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेत टॉमस मिजलीला सापडलं की पेट्रोलात शिशाचं संयुग टाकलं की इंजिनाची ठोक, म्हणजे अवेळी पेटण्याचा खडखडाट, थांबते. मग 1926 मध्ये ग्रॅहम एडगरने मोजपट्टी बांधली, हेप्टेन शून्य आणि आयसोऑक्टेन शंभर. त्या काळी शुद्ध हेप्टेन मिळायचं एका जातीच्या पाइन झाडाच्या चिकातून. जगभरच्या पंपांवरचा आकडा झाडाच्या डिंकावर उभा राहिला, हे मला अजून गंमतीचं वाटतं.

आपल्याकडे आधी इंजिन आलं, मग त्याला पेट्रोल निवडलं, असं कधी झालंच नाही. मिळेल ते पेट्रोल, आणि त्याला चालेल असं इंजिन. युद्धातली विलीज जीप घ्या. तिचं कॉम्प्रेशन 6.48. एवढ्या कमी दाबाला हलकं पेट्रोलही पुरायचं, 68 ऑक्टेनवरसुद्धा ती कुरकुरत नसे. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत तिचीच भावंडं जोडली आणि ती सातपुड्यात चढली. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, शहाद्याहून तोरणमाळ. साडेअकराशे मीटरवर हवा विरळ, म्हणून सिलिंडरमधला दाब आणखी उतरतो. वर गेल्यावर इंजिन ऑक्टेन कमीच मागतं. लोक नेमकं उलटं समजतात.

जीपहूनही खालची पायरी म्हणजे रॉकेलवरचा पंप. नदीकाठच्या मळ्यांत तो हमखास असे. टाकीचे दोन कप्पे, छोट्यात पेट्रोल, मोठ्यात रॉकेल. पेट्रोलवर दोरी ओढायची, इंजिन गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचं, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि सकाळी दोरी ओढून खांदा निखळतो. न जळलेलं रॉकेल रिंगांमधून खाली झिरपून ऑइल पातळ करायचं, म्हणून ऑइल लवकर बदलावं लागे. रॉकेलला ऑक्टेन जेमतेम, त्यामुळे या इंजिनांचा दाब आणखीच कमी.

जे इंजिन रॉकेल पचवतं, त्याच्या मालकाला रेशनचं निळं रॉकेल पेट्रोलात ओतायचा मोह होणारच. तो गुन्हा एका पंपापुरता राहिला नाही. उत्तर महाराष्ट्राचं तेल जिथून सुटतं त्या मनमाडजवळच्या पानेवाडीत 25 जानेवारी 2011 ला भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्यानंतर कित्येक दिवस गॅरेजात रॉकेलाचा वास आला तरी पोटात ढवळायचं.

भाच्याने मग मिथेनॉलचा विषय काढला. इंडियानापोलिसच्या गोल धावपट्टीवर 1964 च्या आगीत दोन चालक गेले, त्यानंतर तिथल्या गाड्या पेट्रोल सोडून मिथेनॉलकडे वळल्या. मिथेनॉलची आग पाण्याने विझते. पण दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसतच नाही, आणि ते विष आहे. 2015 साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली ती यानेच. मी साफ नाही म्हटलं.

अल्कोहोलच हवं तर ते आपल्या डोंगरात आहे. फाल्गुन-चैत्रात सातपुड्यातल्या बायका उजाडायच्या आधी मोहाची फुलं वेचतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर. निजामाच्या हैदराबादेत या फुलांपासून मोटारींसाठी स्पिरिट काढलं जाई. आमच्याकडे मात्र फूल म्हटलं की सरकारला दारूच दिसली. 1892 चा मोहा कायदा ठाणे-कुलाब्यासाठी होता, पण अबकारीची नजर सगळ्या मुलखावर होती. पेट्रोलात स्पिरिट मिसळायचा कायदा 1948 मध्ये झाला. आजच्या मिश्रणाची सुरुवात मात्र 2001 मधली, तीही आधी चाचणी म्हणून, मिरज आणि मनमाडला. मोहाचं नव्हे, उसाच्या मळीचं.

आज साध्या पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आणि 95 ऑक्टेनचं आहे. म्हणजे बुलेटला लागतं त्याहून कितीतरी जास्त. अडचण निराळीच. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं आणि प्लग पांढरा होतो. शिवाय ते पाणी ओढतं, पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचतं, आणि जुनं रबर फुगतं.

मी मेन जेट एक नंबर मोठा घातला, पेट्रोलची रबरी नळी बदलली, टायमिंग किंचित पुढे घेतलं. पेट्रोल पंपावरचं, साधं. भाचा चौथा आला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला, तेव्हा मी प्लग काढून त्याच्या हातात दिला. टोक बिस्किटाच्या रंगाचं होतं.

"मग मी चौथा का आलो?" तो म्हणाला.

"वळनवर ब्रेक मारस तू."