साक्षी, साक्षीदार आणि दंडविधी

पाणिनीच्या मते जो साक्षात् पाहतो तो साक्षी. मराठीने त्यास फारसी ‘दार’ प्रत्यय जोडून ‘साक्षीदार’ शब्द घडविला. साक्ष ही जणू बाळगावयाची वस्तू झाली. दंडविधीचीही दृष्टी दीर्घकाळ अशीच होती. १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंडसंहितेने पुरावा नाहीसा करणे (कलम २०१) व दस्तऐवज नष्ट करणे (कलम २०४) हे अपराध ठरविले. परंतु खोट्या साक्षीसाठी धमकावण्याविरुद्धचे स्वतंत्र कलम १९५-अ एप्रिल २००६ मध्ये आले.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. १९९९ पर्यंत गोंदियाचा प्रदेश याच जिल्ह्यात होता. मारहाणीच्या एका प्रकरणात या कुटुंबाने आरोपींविरुद्ध जबाब दिला होता. त्यांतील आरोपी जामिनावर सुटताच हा हल्ला झाला. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. हत्येबरोबर पुरावा नष्ट करण्याचा अपराधही त्यांत होता.

म्हणजे कलम २०१ लागू झाले ते साक्षी मारले गेल्यानंतर. कलम १९५-अ चा रोख खोट्या साक्षीवर. दिलेल्या साक्षीचा सूड त्याच्या कक्षेत नव्हता. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये अधिनियम केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये देशव्यापी योजना मान्य केली. २०२४ पासून लागू झालेल्या संहितांत ही कलमे नव्या क्रमांकांनी आली असून संरक्षण-योजना करणे राज्यांवर बंधनकारक झाले आहे. पुराव्याच्या रक्षणाकडून पाहणाऱ्याच्या रक्षणाकडे येण्यास विधीला दीड शतक लागले.